डब्लिनची पाटी, बेलफास्टची शाळा

परदेशवारीची वर्णने लिहिण्याची हौस मला नाही आणि सीमाभागातल्या वाचकाला ती वाचण्याची सवडही नसते. तरीही आम्ही चौघे जुने वर्गमित्र सुटीत पाच दिवस आयर्लंडला जाऊन आलो, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. निघालो होतो शहरे पाहायला आणि पाहत राहिलो पाट्या. आपल्या भागातला माणूस कुठेही गेला तरी त्याची नजर आधी पाटीवर जाते, त्याला इलाज नाही.

डब्लिनमध्ये पाट्यांची चंगळ आहे. रस्त्याच्या प्रत्येक फलकावर आयरिश वर, इंग्रजी खाली. शहराच्या मध्यभागाकडे जाणारा बाण 'अन लार' म्हणतो. 2004 साली सुरू झालेल्या ट्रामचे नावच 'लुअस', म्हणजे वेग. पोलिसाला 'गार्डा' म्हणतात आणि पंतप्रधानाला 'टीशक', इंग्रजीत बोलत असले तरीही. एका खानावळीत स्वच्छतागृहाच्या दारांवर फक्त आयरिश अक्षरे होती. एम अक्षर दिसताच आमचा खानापूरकडचा मित्र ते पुरुषांचे समजून आत शिरला आणि तितक्याच वेगाने बाहेर आला. 'म्ना' म्हणजे बायका, 'फिर' म्हणजे पुरुष. पुढचे पाच दिवस त्याला आम्ही दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

हे सगळे पाहून पहिल्या दिवशी आमचे ऊर भरून आले. सत्ता हाती असली की भाषेचे असे होते, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. 1937 च्या राज्यघटनेत आयरिश ही पहिली राजभाषा आहे, इंग्रजी दुसरी. 2003 साली राजभाषा कायदा झाला. 2007 पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. शाळेत प्रत्येक मुलाला ती शिकावी लागते. आणखी काय हवे?

दुसऱ्या दिवशी लक्षात आले की ही भाषा आम्ही फक्त वाचतो आहोत, ऐकत नाही. दुकानात, ट्राममध्ये, बागेत सगळीकडे इंग्रजी. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असे लिहून दिले. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले अवघे 71,968. पन्नास लाखांवर वस्तीच्या देशात! पश्चिमेकडच्या काही खेड्यांत ती अजून घरात आहे, आणि डब्लिनमध्येही आयरिश माध्यमाच्या शाळांसाठी धडपडणारे पालक आहेत, हे खरे. पण पाटीवरची आयरिश पाटीवरच राहते. आम्हाला रस्ता सांगणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तर हसत सांगितले की बारा-तेरा वर्षे ती शिकलो, आता प्रार्थना तेवढी आठवते.

तिसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने बेलफास्टला गेलो. दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. वाटेत सरहद्द लागते, पण गाडीत कोणी पासपोर्ट विचारला नाही. देश बदलल्याचे मोबाइलवर आलेल्या संदेशावरून कळले. 1921 साली आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेचा सहा परगण्यांचा भाग ब्रिटनकडे राहिला. या सरहद्दीसाठी एक आयोगही नेमला होता. 1925 साली त्याचा अहवाल वर्तमानपत्रात फुटला, मग तो दडपला गेला आणि छापून बाहेर यायला 1969 उजाडले. महाजन आयोगाच्या नावाने बोटे मोडत मोठ्या झालेल्या आम्हा चौघांना हे ऐकून जरा बरेच वाटले, असे म्हटले तर चुकेल का?

बेलफास्टचे नवे मोठे स्थानक 2024 साली उघडले. तिथे आयरिश पाट्या बसवण्याचा निर्णय 2025 मध्ये जाहीर झाला आणि लगोलग वाद न्यायालयात गेला. अगदी घरी आल्यासारखे वाटले! या भागात 1949 च्या कायद्याने रस्त्यांच्या नावाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरायला बंदी होती. ती उठली 1995 साली. आता नगरपालिकेचा 2022 चा नियम असा, की एखाद्या रस्त्यावरच्या 15 टक्के रहिवाशांनी मागणी केली तर तिथे दोन भाषांच्या पाटीचा विचार होतो. लावलेल्या पाट्यांवर रात्रीतून रंग फासण्याचे, त्या कापून टाकण्याचे प्रकारही होतात.

15 टक्के हा आकडा आपल्याला पाठ आहे. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के असतील तिथे सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे आपल्या देशात 1956 पासून कागदावर आहे. बेळगाव, खानापूरमध्ये हा आकडा आपण कधीच ओलांडलेला आहे, तरी साध्या परिपत्रकासाठी निवेदनावर निवेदन द्यावे लागते. 2014 च्या जुलैत येळ्ळूरच्या फलकापायी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. तेव्हा पाटी क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. कन्नड शिकण्यालाही माझा विरोध नाही, आम्ही चौघेही ती बोलतो. मला सांगायचे आहे ते वेगळेच.

बेलफास्टच्या पश्चिम भागात शॉज रोड म्हणून रस्ता आहे. 1969 साली पाच जोडप्यांनी तिथे एकमेकांना लागून घरे बांधली. आयरिश ही त्यांची आईकडून आलेली भाषा नव्हती, मोठेपणी शिकलेली होती. घरात मुलांशी हीच बोलायची, असे त्यांनी ठरवले. 1971 साली तिथेच शाळा काढली, मुले नऊ. सरकारची मान्यता नाही, अनुदान नाही. पैसे दारोदार फिरून जमवले. मान्यता मिळाली 1984 मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. आज उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश माध्यमात शिकणारी मुले सात हजारांच्या पुढे आहेत. रस्त्यावर आयरिश पाटी लावणे जेव्हा बेकायदा होते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

आम्ही गेलो तेव्हा शाळा सुटत होती. पोरे ढकलाढकली करीत, ओरडत बाहेर पडत होती, आणि ते ओरडणे आयरिशमध्ये होते. डब्लिनमध्ये दोन दिवसांत जी ऐकू आली नाही ती भाषा इथे फाटकापाशी दहा मिनिटांत ऐकली.

परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. आमच्या चौघांपैकी तिघांनी आपली मुले इंग्रजी माध्यमात घातली, त्यात मीही आलो. दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालणारे आम्हीच. मोर्चाला गर्दी करायची आणि जून महिन्यात मराठी शाळेच्या दारावरून पुढे जाऊन इंग्रजी शाळेच्या रांगेत उभे राहायचे, याला काय म्हणावे? सरकार आपल्या शाळांना शिक्षक देत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण पट घसरला तो काही सरकारनेच घसरवला नाही.

डंडॉक गेल्यावर खानापूरकर म्हणाला, "आमच्या गावच्या शाळेत यंदा पहिलीला किती पोरं आलीत, माहीत आहे काय रे?" आम्ही नाही म्हटले.

"नऊ. शाळा बंद करून शेजारच्या गावात जोडायची म्हणून चाललंय."