पुस्तकातला जिल्हा, फडातली मुले

दिवाळीची सुट्टी सरली की जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीच्या आसपासच्या वस्त्या-तांड्यांवरच्या शाळांचा पट रोडावतो. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते. मुकादमाचा निरोप आला की आईबापांबरोबर पोरेही पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या फडांवर निघतात. खरे तर ‘समर्थ’ सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट तीर्थपुरीतच आहे. तिथे परक्या टोळ्या येतात, कोप्या पडतात. म्हणजे एकाच घनसावंगी तालुक्यातून काही मुले जातात, काही येतात आणि दोन्हींचे दुसरे सत्र पाचटात जाते.

उपायांची वानवा नाही. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे आली, स्थलांतरितांसाठी शिक्षण हमी पत्रक निघाले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेशाची हमी दिली. हे सारे मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणते. पण आत गेल्यावर तो ‘अप्रगत’ ठरून मागच्या बाकावर बसणार असेल, तर पुढच्या दिवाळीनंतर तो परतेल कशाला?

याचे उत्तर वर्गातल्या धड्यातच शोधायला हवे. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आपल्याकडे जिल्हावार निघाले. जालन्याच्या मुलाच्या हाती जालनाच आला. कल्पना उत्तम. मात्र नद्या, तालुके, पिके घोकून घेतली की धडा उरकला, असे होता कामा नये. एप्रिलमध्ये परतलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे ठाऊक असते. मोळी कशी बांधतात, गाडी काट्यावर कधी लागते, आईचा खाडा पडला तर हिशेबातून किती जाते, हेही तिला कळते. त्यावर तिने चार वाक्ये लिहिली तर वाचन-लेखनाचा तास झाला. उचल फिटायला किती टन ऊस तोडावा लागतो हे मांडले तर गणित झाले. आणि ती उचल घ्यावीच का लागते, हा प्रश्न निघाला की तो नागरिकशास्त्राचा तास.

यात एक सावधगिरी हवी. ‘तुझे वडील ऊसतोड करतात ना, सांग बरं सगळ्यांना,’ असे भर वर्गात म्हणणे म्हणजे तिला प्रदर्शनात उभे करणे. त्यापेक्षा एक नकाशा सगळ्यांपुढे ठेवावा, कोण कुठवर गेले ते ज्याचे त्याने सांगावे. शेजारी बसलेल्या ऊस बागायतदाराच्या मुलाला तर या धड्याची गरज अधिकच आहे. आपला ऊस कोणाच्या हातून कारखान्यात जातो, हे त्याला शाळेने नाही सांगायचे तर कोणी?

मुलांनी स्वतःच्या जगण्यावर लिहिणे आपल्याकडे नवे नाही. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. अक्षरओळख होताच तिने हात घातला तो स्वतःच्या समाजाच्या हालअपेष्टांना, आणि तिच्या शिक्षकांना त्यात वावगे वाटले नाही. आज परीक्षेच्या निबंधाला विषय मिळतो तो ‘माझा आवडता ऋतू’!

जिल्हा परिषदेने हंगामाआधीच ऊसतोडीला निघणाऱ्या मुलांची गावनिहाय यादी कारखान्यांकडच्या शाळांना कळवावी. परतलेल्या मुलांसाठी एप्रिलमध्ये किमान एक आठवडा त्यांच्या सहा महिन्यांवरच वाचन-लेखनाचे तास घ्यावेत आणि त्यांचे लिखाण मूल्यमापनात धरावे. यासाठी शिक्षकांना वेळ हवा. तोवर त्यांच्यामागची माहिती भरण्याची ऑनलाइन कामे थोडी बाजूला राहिली तरी चालेल.