बंबवाले नुसते उभे का राहतात?

काही वर्षांपूर्वीची संध्याकाळ. दवाखाना आवरून मी घरी निघालो होतो, तेवढ्यात नाकाला झोंबणारा वास आला. पुढे रस्त्यावर ही गर्दी. जवळच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळत होता. अग्निशमन दलाचा बंब येऊन पोचला होता, पण कारखान्यापासून बराच अलीकडे थांबला होता. वारा ज्या बाजूने येत होता, नेमका त्या बाजूला. जवान खाली उतरले होते, पण आत कोणी जात नव्हतं.

गर्दी चिडली होती. "अहो, बघता काय नुसते? आत माणूस अडकलाय!" "पाणी मारा की!" अधिकारी मात्र मॅनेजरला एकेक प्रश्न विचारत होते. टाकी केवढी आहे, व्हॉल्व्ह कुठे आहे, आत किती जण आहेत, वायू गळतोय की द्रव?

खरं सांगतो, तेव्हा मलाही त्यांचा राग आला होता. आज येणार नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी निदान, मग उपचार

पोटात दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटला मी दारातच इंजेक्शन टोचत नाही. आधी विचारतो, तपासतो. नातेवाईकांना वाटतं, डॉक्टर वेळ घालवतायत. पण चुकीचं औषध हे औषध न देण्यापेक्षा वाईट असू शकतं. रसायनांच्या अपघातात अग्निशमन दलाची नेमकी हीच अवस्था असते.

आपल्या डोक्यात एकच चित्र असतं: आग लागली, बंब आला, पाणी मारलं. पण रसायनांपुढे पाणी दर वेळी मित्र नसतं. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, म्हणून हवेतल्या अमोनियावर पाण्याचे बारीक तुषार मारले तर उपयोग होतो. तेच पाणी जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियात ओतलं तर तो जोराने उकळतो आणि जास्त वायू सुटतो. क्लोरीनच्या गळक्या सिलिंडरवर थेट पाणी मारलं तर आम्ल तयार होऊन धातू खाल्ला जातो आणि भोक मोठं होतं. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन हा पेट घेणारा वायू निघतो. एलपीजीच्या टँकरची गळती बंद करता येत नसेल तर तिथली ज्योत मुद्दाम विझवत नाहीत, फक्त टाकी पाण्याने थंड ठेवतात. कारण ज्योत विझली तरी गॅस सुटतच राहतो, हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो आणि दूरच्या एखाद्या ठिणगीने भडकतो.

म्हणून पहिला प्रश्न असतो, "हे आहे काय?" हायवेवरच्या टँकरच्या मागे आणि बाजूला एक फलक असतो, तो तुम्हीही पाहिला असेल. त्यावरचा चार आकडी नंबर म्हणजे त्या रसायनाची जगभर चालणारी ओळख. पेट्रोल १२०३, एलपीजी १०७५, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५. शेजारी एक छोटा कोड असतो. पाणी वापरायचं की फोम की कोरडी पावडर, जवानांनी काय घालायचं, हे त्यात असतं. त्यात 'ई' हे इंग्रजी अक्षर असेल तर आजूबाजूची माणसं हलवण्याचा विचार करावा लागतो. लांबून दुर्बिणीने हा फलक वाचणारा जवान टाइमपास करत नसतो, तो केसपेपर वाचत असतो.

तीन वर्तुळं

ओळख पटली की जागेचे तीन भाग पाडतात. आतलं वर्तुळ धोक्याचं. तिथे पूर्ण संरक्षक पोशाख आणि पाठीवर हवेचा सिलिंडर असलेलेच जातात, तेही जोडीने, आणि दुसरी जोडी बाहेर तयार ठेवून. मधलं वर्तुळ धुण्याचं. आतून आलेला प्रत्येक जण, मग तो जवान असो की कामगार, इथे धुतल्याशिवाय पुढे जात नाही. बाहेरचं वर्तुळ सुरक्षित. ॲम्ब्युलन्स, पोलीस आणि आम्ही डॉक्टर इथे.

तो पोशाख म्हणजे अंगभर बंद प्लास्टिक. घाम बाहेर पडत नाही, शरीर तापत जातं, आणि पाठीवरची हवा कष्टाच्या कामात साधारण अर्धा तास पुरते. आत जाण्याआधी पाच मिनिटं विचार केला नाही तर ही हवा आतमध्ये व्हॉल्व्ह शोधण्यातच संपते.

घाईची किंमत कशी मोजावी लागते, हे मुंबईने पाहिलं आहे. १४ जुलै २०१० रोजी शिवडीला बंदराच्या हद्दीत वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलिंडरांमधून क्लोरीन गळला. शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं, आणि त्यात मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. वाचवायला गेलेला माणूसच पेशंट झाला तर वाचवणारा एक कमी होतो आणि पेशंट एक वाढतो. हिशेब इतका साधा आहे.

माझी चूक

त्या संध्याकाळी जवान आत गेले, अडकलेल्या कामगाराला बाहेर काढलं. अधिकारी त्याला धुवायला सांगत होते. पण गर्दीतल्या काही जणांनी त्याला अक्षरशः ओढून घेतलं, रिक्षात घातलं आणि मी जिथे कॉलवर असायचो त्या हॉस्पिटलात आणलं. मीही मागोमाग पोचलो. त्याचे कपडे ओले होते. आम्ही त्याला तसाच कॅज्युअल्टीत आत घेतला, दार लावलं, ऑक्सिजन सुरू केला. काही मिनिटांत मी, दोन सिस्टर आणि शेजारच्या कॉटवरचे एक आजोबा असे सगळे खोकायला लागलो. डोळे उघडवेनात. आजोबा दम्यासाठी आले होते, त्यांना दुसऱ्या खोलीत हलवताना आमची धांदल उडाली.

शेवटी त्या मुलाला परत बाहेर पोर्चमध्ये नेलं आणि बागेच्या नळीने धुतलं. जे काम पहिल्या मिनिटाला करायचं, ते आम्ही विसाव्या मिनिटाला केलं. तो वाचला. डोळ्यांचे उपचार मात्र पुढे बरेच महिने चालले. डोळ्यात अमोनिया गेला की प्रत्येक मिनिट मोलाचं असतं, आणि ती मिनिटं आम्ही घालवली. याचा दोष मी आजही स्वतःकडे घेतो.

पुढे वाचताना कळलं की हे जगातल्या मोठ्या हॉस्पिटलांनाही चुकलेलं नाही. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला. एकट्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात त्या दिवशी सहाशेच्या वर लोक आले, बरेचसे चालत किंवा मिळेल त्या वाहनाने, न धुताच. त्यांच्या कपड्यांतून सुटणाऱ्या वाफेने तिथल्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना त्रास झाला.

म्हणून माझं ठाम मत आहे: एमआयडीसीजवळच्या प्रत्येक हॉस्पिटलच्या दाराबाहेर एक नळ, एक लांब नळी, आडोसा, साबण आणि जुने स्वच्छ कपडे असायलाच हवेत. याला लाखो रुपये लागत नाहीत. लागते ती फक्त आधी ठरवून ठेवण्याची सवय.

नाव कळलं नाही तर

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हजारो माणसं हॉस्पिटलात आली, तेव्हा डॉक्टरांना सर्वात मोठी अडचण होती ती माहितीची. वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे सांगणारं कोणी नव्हतं. लोकांनाही कोणी सांगितलं नव्हतं की धावू नका. धावणारा माणूस जोरजोरात श्वास घेतो आणि जास्त विष आत ओढतो.

त्यानंतर कायदे झाले. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले, १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या नियोजनाचे. मोठा धोका असलेल्या कारखान्याने आजूबाजूच्या रहिवाशांना धोका काय आणि अपघात झाला तर काय करायचं हे कळवलं पाहिजे, असं त्यात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गटही असतो. पण मला सांगा, तुमच्या सोसायटीत अशी माहिती कधी आली? कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माझ्या पेशंटना मी हे विचारतो, आणि ते माझ्याकडेच बघत राहतात. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ अशा दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात कारखान्यांत स्फोट झाले. एवढं झाल्यावरही शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय हे आपल्याला माहीत नसेल, तर ते विचारणं हा भोचकपणा नाही, तो आपला हक्क आहे.

आपण काय करायचं?

* १०१ किंवा ११२ ला फोन करा. वास, रंग, वाऱ्याची दिशा, आणि दिसत असेल तर टँकरवरचा नंबर लांबूनच वाचून सांगा.
* वाऱ्याला आडवं चालत बाजूला व्हा. गळती तुमच्याकडे येत नसेल तर वारा येतो त्या दिशेने. व्हिडिओसाठी थांबू नका.
* बाहेर पडणं शक्य नसेल तर खिडक्या-दारं बंद, एसी बंद, फटींना ओले टॉवेल. मात्र घरातला स्वयंपाकाचा गॅस गळत असेल तर उलट करा: खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका, बाहेर पडा.
* अंगावर रसायन पडलं असेल तर कपडे काढा. बरंचसं विष कपड्यांबरोबर जातं. कोरडी पावडर असेल तर आधी झटका. मग भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा, डोळेही. द्रव अमोनियाने कपडा त्वचेला चिकटला असेल तर ओढू नका, आधी पाणी ओता. लिंबू, सोडा, तेल काहीही लावू नका.
* हॉस्पिटलात नेताना फाटकावरच सांगा, "रसायन आहे, धुतलंय" किंवा "धुवायचंय".
* बरं वाटतंय म्हणून लगेच घरी जायचा हट्ट धरू नका. फॉस्जीन किंवा नायट्रोजन डायऑक्साइडसारख्या वायूंनी फुप्फुसात पाणी भरायला काही तास, कधी एक दिवसही लागतो.

आणि पुढच्या वेळी बंब लांब उभा दिसला तर शिव्या देऊ नका. वाट मोकळी करा, आणि कारखान्याची माहिती असेल तर ती अधिकाऱ्यांना जाऊन सांगा. आपल्याकडून त्यांना खरी मदत हवी असते ती एवढीच.