डब्यावरची तारीख

गेल्या आषाढात आमच्या घरी एका डब्यावरून भांडण झाले. भांडणारे दोघे म्हणजे माझा दादा आणि वहिनी. डबा होता लहान मुलांच्या तयार खाण्याचा. आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले होते तो माझा नऊ महिन्यांचा पुतण्या तापाने मलूल होऊन झोळीत पडला होता. घरातले भांडण चव्हाट्यावर आणू नये असे म्हणतात. तरी मी ते येथे मांडतो आहे, कारण त्या भांडणात मी जो निकाल दिला तो चुकीचा होता आणि तो मी माझ्या शिक्षणाच्या जोरावर दिला होता.

आम्ही मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. दादा धुळ्याच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर दिवाणजी आहे. देवपुरात दोन पत्र्याच्या खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. मी शिक्षणासाठी त्यांच्याकडेच राहतो. वहिनीचा भाऊ सुरतेला कामाला आहे. खानदेशात ज्या घरचे कोणी सुरतेला नाही असे घर विरळाच! बारशाला येताना त्याने भाच्यासाठी तो डबा आणला होता. पुढे बाळ खाऊ लागेल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून वहिनीने तो फळीवर ठेवून दिला. बाळ खाऊ लागले ते ज्वारीच्या पेजेवर आणि मुगाच्या डाळीच्या पाण्यावर. डबा तसाच राहिला.

पहिला पाऊस पडला आणि बाळाला हगवण लागली. डॉक्टरांनी क्षारसंजीवनीची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, अंगावरचे दूध चालू ठेवा म्हणाले, आणि निघताना बजावले, “खाणे बंद करू नका.” पण तिसऱ्या दिवशी बाळ पेजेला तोंडच लावीना. तेव्हा दादाला फळीवरचा डबा आठवला. त्याने तो काढून उलटा केला. तारीख उलटून दोन महिने झाले होते.

“सीलबंद आहे,” दादा म्हणाला. “दोन महिन्यांत काय होते? या तारखा कंपन्या नवा माल खपवायला टाकतात.”

“मी नाही देणार,” वहिनी म्हणाली.

“मग उपाशी ठेवणार का त्याला? एवढ्या मोलाची वस्तू उकिरड्यावर टाकायची?”

“तुमचे पोट बिघडले तर तुम्ही सांगाल तरी. त्याला कुठे सांगता येते?”

आई गावाहून आलेली होती. ती कोपऱ्यातून म्हणाली, “काही व्हत नही.” आमच्या पिढ्या शिळ्या भाकरीवर वाढल्या, असा त्याचा अर्थ. मग दादाने डबा माझ्यापुढे धरला. “तू शिकलेला. तूच वाच आणि सांग.”

मित्रहो, या क्षणी मी काय केले ते सांगायला संकोच वाटतो. त्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी ‘अन्नाची नासाडी’ या विषयावर बोललो होतो. भाषणातली वाक्ये जिभेवर ताजी होती. मी डब्यावर नजर फिरवली आणि सांगितले की ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव आणि दर्जा उत्तम राहतो एवढेच. तारीख उलटली म्हणून अन्नाचे विष होत नाही. ब्रिटनमधल्या काही मोठ्या दुकानांनी २०२२ मध्ये ताज्या फळभाज्यांवरच्या अशा तारखा काढून टाकल्या, हेही ऐकवले. दादा खूश झाला. वहिनी काही बोलली नाही. तिने डबा उचलून पुन्हा फळीवर ठेवला आणि रात्रभर चमच्या-चमच्याने बाळाला क्षारसंजीवनीचे पाणी पाजत बसली.

सकाळी ती डबा घेऊन आशाताईंकडे गेली. मीही बरोबर होतो. ताईंनी आधी बाळाची चौकशी केली. लघवी किती वेळा झाली, डोळे खोल गेलेत का, पाकीट किती पाण्यात कालवता. शेवटच्या प्रश्नावर आमची एक चूक उघडी पडली. आदल्या दिवशी दादाने एक पाकीट दोन खेपांत फुलपात्रात कालवले होते. ते अख्खे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. मग त्यांनी डबा पाहिला आणि बोटाने एक बारीक ओळ दाखवली. तिथे ‘बेस्ट बिफोर’ नव्हतेच. ‘एक्स्पायरी’ होते. मी डब्यावरचे वाचलेच नव्हते. माझ्या डोक्यातले वाचले होते.

बाळ चार-पाच दिवसांत बरे झाले. डबा आम्ही उघडलाच नाही, तेव्हा तो दिला असता तर काय झाले असते हे सांगता येत नाही. कदाचित काहीही झाले नसते. पण माझे म्हणणे असे की, काही झाले नसते तरी वहिनीचेच बरोबर होते. ते का, हे पाहण्यासारखे आहे.

आधी दादाची बाजू. ती मला हास्यास्पद वाटत नाही. ज्या घरात अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतात आणि ताटात शीत टाकू देत नाहीत, तिथे न उघडलेला डबा फेकणे हा अपराध वाटणारच. शिवाय हगवण लागली की मुलाचे खाणे तोडायचे ही जुनी समजूत त्याने बाजूला ठेवली होती. डॉक्टरांचे ऐकून मुलाच्या पोटात काहीतरी जावे म्हणून तो धडपडत होता.

पण शिळी भाकरी आणि डबा यांत एक मोठा फरक आहे. शिळी भाकरी आई हातात घेते, वास घेते, तुकडा मोडून पाहते आणि ठरवते. तिच्या नाकाला साठ वर्षांची सवय आहे. सीलबंद डब्यापुढे हे नाक चालत नाही. तो कधी भरला, त्यातल्या तेलाला खवट वास लागू लागला का, त्यातली जीवनसत्त्वे किती उरली, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून तर तारीख छापायची! जिथे नाकाने पारखता येत नाही, तिथे ती एक ओळच काय तो आधार. तोही आपण नाकारला तर अंदाजाखेरीज हाती काही उरत नाही.

शिवाय ती तारीख बिनशर्त नसते. डब्यावर लिहिलेले असते, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा.’ आता धुळ्याचा उन्हाळा ठाऊक असलेल्या वाचकांना अधिक काय सांगावे? पारा चाळिशी ओलांडून जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी भांड्यांना हात लावला तरी चटका बसतो. आमचा डबा अख्खा वैशाख त्या पत्र्याखाली फळीवर होता. म्हणजे छापलेली तारीख येण्यापूर्वीच त्याच्यावर किती भरवसा ठेवावा हा प्रश्न होता. हे मला सुचले नाही, वहिनीला सुचले. “डबा आमच्याइतकाच भाजला आहे,” असे ती आशाताईंना म्हणाली.

आणि माझ्या भाषणाचे काय? फळभाज्यांवरच्या तारखा काढल्या हे खरे. पण भोपळा सडला तर दिसतो. अमेरिकेत बहुतेक पदार्थांवर तारीख छापण्याची संघराज्याच्या कायद्याने सक्ती नाही. अपवाद आहे तो तान्ह्या मुलांच्या कृत्रिम दुधाचा. त्या तारखेपर्यंत त्यात लिहिलेली पोषकद्रव्ये शाबूत असलीच पाहिजेत. जे मूल मुख्यत्वे तेवढ्यावरच जगते, त्याला निकस डबा म्हणजे नकळत घडवलेला उपास. नासाडी टाळण्याचा नियम मोठ्या माणसांसाठी आहे. तो आजारी तान्ह्यावर लावता येत नाही, हे मला व्यासपीठावर कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

आपल्या देशाने हा फरक ओळखलेला आहे. १९९२ साली बालकांच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि बालान्न यांविषयी खास कायदा झाला. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा डब्यांची जाहिरात करता येत नाही, वेष्टनावर गुटगुटीत बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही, आणि कोणत्या तारखेपूर्वी वापरावे हे लिहावेच लागते. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ‘एक्स्पायरी’ अथवा ‘यूज बाय’ तारीख आवश्यक ठरवली. ‘बेस्ट बिफोर’ ही जोडीची माहिती झाली. कायदा आहे. पण तो वाचणार कोण? नियमाप्रमाणे हा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. त्यामुळे अहिराणी बोलणारी, नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आई डबा शेजारच्या कॉलेजकुमाराकडे नेते, आणि तो कॉलेजकुमार माझ्यासारखा निघतो!

लेबलावरच्या एका शब्दाने काय होते याचे उदाहरण ताजे आहे. क्षारसंजीवनीचा महिमा साऱ्या जगाला पटला तो १९७१ मध्ये, बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत. पटकीची साथ होती, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. त्याच ‘ओआरएस’ या तीन अक्षरांच्या नावाखाली पुढे गोड पेये दुकानांतून विकली जाऊ लागली. हगवणीत अती साखर गेली तर पाणी आणखी निघून जाते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजिनी संतोष यांनी काही वर्षे याविरुद्ध झगडा दिला, तेव्हा कुठे २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापण्यास मनाई केली. अक्षरे तीनच, पण पाकीट विकत घेणारी आई त्यांच्यावरच विसंबते.

आता शेवटची आणि मला सर्वांत बोचलेली गोष्ट. त्या रात्री आमच्या घरात चार मोठी माणसे होती. कमावता दादा, वडीलधारी आई, शिकलेला मी आणि वहिनी. तिघांचे मत एक होते. चौथीच्या बाजूला ना पैसा, ना वय, ना पदवी. पण बाळाला तीन दिवस मांडीवर घेऊन बसलेली तीच होती. त्याचे दुपटे किती वेळा बदलले हे तिलाच माहीत होते. तिच्याजवळ कारणेही होती. आम्ही ती विचारली नाहीत. बायकांचा भित्रेपणा म्हणून सोडून दिले. माझे शिक्षण त्या रात्री खऱ्याच्या मदतीला आले नाही, ते बहुमताच्या मदतीला गेले. तिने आमच्याशी वाद घातला नाही, केवळ डबा उघडला नाही, म्हणून बाळावर प्रयोग झाला नाही.

नवरा-बायकोत मतभेद होणारच. जिथे दोघांपैकी एकाला शंका आहे आणि ज्याच्या पोटात ते जायचे त्याला बोलता येत नाही, तिथे शंका घेणाऱ्याचे ऐकावे. त्यात फार तर एक डबा वाया जातो.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, पथनाट्ये करतो. येत्या शिबिरात एक साधे काम करता येईल. गावातल्या आयाबायांना ‘एक्स्पायरी’, ‘यूज बाय’ आणि ‘बेस्ट बिफोर’ ही तीन नावे कशी दिसतात ते डबे हातात देऊन दाखवावे; महिना आणि वर्ष कसे वाचायचे ते सांगावे; आणि क्षारसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर पाण्यात त्यांच्याच घरच्या भांड्याने मोजून कालवून दाखवावे. शिकवायला मी तयार आहे. मात्र या खेपेस वाचून दाखवण्यापूर्वी मी स्वतः नीट वाचीन, आणि डबा कुठल्या फळीवर होता हे आधी विचारीन.

— तृतीय वर्ष, कला