दावे कोणाचे, भुर्दंड कोणाला?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण गिरगाव-लालबागच्या चाळींतून अजूनही ऐकू येते. पायरी चढणे वा न चढणे आपल्या हाती असते, असे ती म्हण गृहीत धरते. प्रतिवादीला ही निवड नसते. समन्स घेऊन बेलिफ दाराशी आला की शहाण्यालाही धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाचा जिना चढावाच लागतो. एक दावा निकालात निघाला की दुसरा, दुसरा निघाला की तिसरा, असा क्रम लागला म्हणजे निकालाला अर्थ उरत नाही. मग दावा हीच शिक्षा होऊन बसते.

याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, लालबागेतील पागडीच्या खोलीत राहणारा एक रोजंदार कामगार आहे. प्रत्येक तारखेला त्याचा खाडा पडतो आणि दिवसाची मजुरी बुडते. वकिलाची फी आणि नकलांचा खर्च वेगळाच. तारीख पुढे पडली की हे सारे पुन्हा. समोर इमारत विकत घेतलेला विकासक असेल, तर जमिनीच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य असतो. दोन दावे हरून तिसऱ्याच्या धसक्याने भाडेकरू खोली सोडून विरार-बदलापूरला निघून गेला, तरी विकासकाचा व्यवहार फायद्याचाच ठरतो. ज्या वस्तूचा खर्च दुसऱ्याने सोसायचा असतो, तिचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक होते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. निरर्थक दाव्यांचे नेमके हेच झाले आहे. न्यायालयाचा वेळ हीदेखील सार्वजनिक संपत्ती होय. ती अशा दाव्यांत खर्ची पडली की रांगेत मागे उभ्या असलेल्या खऱ्या गरजवंताचा न्याय आणखी लांबतो.

एकदा निकालात निघालेला वाद पुन्हा उकरता येत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ सांगते. मग दाव्यामागून दावा येतो कसा? १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आणि त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून आलेला महाराष्ट्राचा कायदा, या दोहोंत घरमालकाची वाजवी व प्रामाणिक गरज हे जागा खाली करून घेण्याचे एक कारण मानलेले आहे. गरज काळानुसार बदलते. मुलाचे लग्न झाले किंवा मालकी बदलली की नवी गरज दाखवता येते आणि नवा दावा उभा राहतो. खऱ्या गरजेपोटी आलेल्या दुसऱ्या दाव्याला आमचा आक्षेप नाही. परंतु त्याच फटीतून खोटी गरजही आत शिरते. अधिक हाल कोणाचे होतील हे न्यायालयाने तोलावे, असे कायदा म्हणतो. पण ते तोलले जाते पुरावा झाल्यावर, आणि तोवर वर्षे उलटलेली असतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. १८९६ साली इंग्लंडने आणि १९४९ साली मद्रासने केलेल्या कायद्यांच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९७१ साली त्रासदायक दाव्यांना प्रतिबंध करणारा कायदा केला. सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय दावे लावणाऱ्यास उच्च न्यायालय त्याचे म्हणणे ऐकून तसे घोषित करू शकते. त्यानंतर बृहन्मुंबईत उच्च न्यायालयाच्या आणि अन्यत्र जिल्हा न्यायाधीशाच्या परवानगीवाचून त्याला दिवाणी वा फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही. हेतू चांगला आहे. परंतु त्यासाठी अर्ज करायचा तो महाधिवक्त्याने, म्हणजे शासनाच्या वकिलाने. ज्याला छळ सोसावा लागतो त्याला थेट अर्ज करण्याची वाट या कायद्यात नाही. शिवाय बंदी पडते ती घोषित केलेल्या व्यक्तीवर. एकाच नावाने कोर्टाच्या वाऱ्या करणारा एकांडा कज्जेदार तीत सहज सापडतो. जो आज स्वतःच्या, उद्या भागीदाराच्या आणि परवा नव्या कंपनीच्या नावाने दावे लावू शकतो, त्याला मात्र तीत अडकवणे कठीण आहे.

दुसरा उपाय भरपाईचा. संहितेच्या कलम ३५-अ खाली खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देता येते. तिची कमाल मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीने एक हजारावरून तीन हजार रुपये झाली. त्या काळी ही रक्कम गिरणी कामगाराच्या काही महिन्यांच्या पगाराइतकी होती. आज ती कोणाला धाक घालणार? अपील आणि फेरतपासणी तर या कलमातून वगळलेलीच आहेत. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने ही तीन हजारांची मर्यादा काढून टाकली, पण ती केवळ मोठ्या वाणिज्य तंट्यांपुरती. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला छळले तर पूर्ण भरपाईची वाट मोकळी, सामान्य नागरिकाला छळले तर तीन हजार, अशी ही वर्गनिहाय व्यवस्था आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हरलेला दावा म्हणजे निरर्थक दावा नव्हे. गिरण्यांच्या जमिनींचेच प्रकरण पाहा. १९९१ च्या विकास नियमावलीनुसार त्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. त्याविरुद्धची जनहित याचिका ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. याचिका हरली, म्हणून ती खोडसाळ होती असे कोण म्हणेल? निरर्थक दाव्यांविरुद्धच्या कायद्याचे हत्यार उद्या अशा याचिकांवरही उगारले जाऊ शकते. म्हणून कसोटी निकालाची नसावी. दाव्याला मुळात आधार होता की नव्हता, याची असावी.

कार्यकर्त्यांनी स्वतःलाही ही कसोटी लावली पाहिजे. १९७७ साली कर्नाटकातील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. त्यात जागा सोडण्याचा हुकूम झालेल्या भाडेकरूच्या कुटुंबीयांनीच नवनवे दावे लावून तो हुकूम टाळत नेला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर हे १९५७ च्या केरळातील कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री राहिलेले, गरिबांविषयी कळवळा असणारे. त्यांनीच अशा दाव्याची सुरुवातीसच छाननी करून तो निकालात काढावा असे बजावले आणि दावेबाजीचे व्यसन या देशातील गरिबांचा नाश करते असा इशारा दिला. हरलेल्या भाडेकरूला "भावाच्या नावाने आणखी एक लावून टाका" असा सल्ला देणारे आपल्यातही आहेत. त्यात चार महिने मिळतात, पण पदरचे पैसे जातात, आणि पुढच्या खऱ्या दाव्याच्या वेळी न्यायालयाचा विश्वास उरलेला नसतो.

आमच्या मागण्या तीन आहेत. छळ सोसणाऱ्या पक्षाला १९७१ च्या कायद्याखाली थेट अर्ज करता यावा आणि नाव बदलून येणाऱ्या दावेदारामागील खरा हितसंबंध तपासला जावा. लघुवाद न्यायालयासह सर्वत्र भरपाईची मर्यादा उठवून बुडालेल्या मजुरीसह प्रत्यक्ष खर्च विरुद्ध पक्षाला मिळावा. आणि हा दंड ठरवताना दावेदाराची ऐपत पाहिली जावी, कारण तीच रक्कम एकाला देशोधडीला लावते आणि दुसऱ्याच्या खिजगणतीतही नसते. तोवर प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील भाडेकरूंवर किती दावे, कोणी आणि कोणत्या नावाने लावले याची वही ठेवावी. दावे विखुरलेले असतात तोवर ते योगायोग वाटतात. एका वहीत आले की त्यांतील पद्धत दिसू लागते, आणि न्यायालयापुढे दाखवता येते ती पद्धतच.