सनरूफ गळतंय? सीलंट विकू नका, आधी नळी तपासा

पाऊस सुरू झाला की गाडीच्या छतातून पाणी ठिबकतंय, ही तक्रार येतेच. बरेच जण लगेच सीलंट लावतात किंवा रबर बदला म्हणतात. माझं मत वेगळं आहे.

सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही. थोडं आत येणार हे धरूनच खाली पन्हळ असते. बहुतेक गाड्यांत तिच्या 4 कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली जातात. आपल्या मुरब्यात गाड्या सुरूच्या झाडाखाली उभ्या. बोईसर-तारापूरची धूळ वेगळीच. नळी तुंबली की पाणी छताच्या कापडात, तिथून कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत.

पन्हळीत पेलाभर पाणी हळू ओता. गाडीखाली आलं नाही, तर तंगूसाचा जाड दोरा हळूच सरकवा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा नको, नळी सांध्यातून निसटते. तरीही गळलं, तरच रबराला हात लावा.

आता धंद्याचं बघा. रबराचे पैसे एकदाच मिळतात. दर मे महिन्यात ठरावीक दरात तपासणी ठेवा, ग्राहकासमोर पाणी ओतून दाखवा. तो दरवर्षी येईल, शेजाऱ्यालाही आणेल. गावात चुकीचं निदान पहिल्या सरीतच उघडं पडतं.