लॉगिन झाले, पण डेस्कटॉप दिसेना

पासवर्ड टाकला, 'वेलकम' आले, ठिपक्यांचे चक्र थोडा वेळ फिरले आणि पडदा काळा पडला. मधोमध फक्त माऊसचा बाण. खालची पट्टी नाही, रीसायकल बिन नाही, काहीच नाही. घरात संगणक बहुधा एकच असतो. मुलीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे त्यात, अब्बांच्या दुकानाचा हिशेब त्यात, आपाच्या निकाहचे फोटोही त्यातच. मग गल्लीतला एखादा जाणकार मुलगा येतो, दोन बटणे दाबतो आणि सांगून टाकतो, "फॉरमॅट मारावा लागेल."

या वाक्याला लगेच मान डोलवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे समजूत असते की महत्त्वाचे सगळे 'डी'मध्ये आहे, 'सी' पुसला तरी चालेल. पण डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर, आपण मुद्दाम दुसरीकडे हलवले नसतील तर, 'सी'मध्येच असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उतरवलेली पीडीएफ कुठे पडते? डाउनलोड्समध्येच.

आता बिघाड कुठे आहे ते पाहू. पासवर्ड स्वीकारला गेला, म्हणजे विंडोज बऱ्यापैकी जागे आहे. पासवर्डनंतर यूजरइनिट नावाचा एक छोटा प्रोग्राम चालतो आणि तो एक्सप्लोरर नावाच्या प्रोग्रामला हाक मारतो. डेस्कटॉपवरची चित्रे, खालची पट्टी, स्टार्टचे बटण हे सारे एक्सप्लोरर मांडतो. आम्ही वर्गात हे असे सांगतो: शाळेचे फाटक उघडले, घंटाही झाली, पण वर्गाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो शिपाई आलाच नाही. बाके, फळा, पुस्तके आत सुखरूप आहेत. फक्त दार उघडलेले नाही.

पहिले काम म्हणजे थांबणे. आदल्या दिवशी अपडेट झाले असेल, संगणक जुना असेल आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर अर्धा तास द्यावा. वायरीचे बटण बंद करण्याची घाई बरी नव्हे. मग कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आपले ऐकते आहे.

ऐकत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबावे. टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये त्याच्या फाइल मेनूत आणि ११ मध्ये वरच्या बाजूला 'रन न्यू टास्क' असते. तिथे इंग्रजी अक्षरांत एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असे जोडून लिहावे आणि एंटर करावे. पुष्कळदा एवढ्यावरच डेस्कटॉप पुढे उभा राहतो. राहिला, तर सर्वांत आधी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात. दुरुस्ती नंतर.

कधी डेस्कटॉप आलेला असतो, पण आपल्याला दिसत नसतो. लॅपटॉप प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला जोडून वापरला असेल तर चित्र त्या न जोडलेल्या पडद्याकडे जात असते. विंडोजचे बटण धरून पी एक-दोनदा दाबावा आणि एंटर करावे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडला असल्यास विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबली की पडदा लुकलुकतो, बारीक आवाज येतो आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघड्या कामाला त्याने धक्का लागत नाही.

एवढ्याने भागले नाही तर सेफ मोड. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरावे, पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट निवडावे. निळा पडदा आला की ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जात रीस्टार्ट करावे आणि यादी आली की ४ दाबावा.

इथे एक अडचण येऊ शकते. काही नवे लॅपटॉप या वाटेवर ४८ आकड्यांची बिटलॉकर किल्ली मागतात. ती बहुधा लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, त्या खात्यात जपलेली असते. भाईजानने दुबईहून आणलेला आणि तिथेच आपल्या खात्याने सुरू करून दिलेला लॅपटॉप असेल तर किल्ली त्याच्या खात्यात असणार. म्हणून संगणक नीट चालू असतानाच त्याला फोन करून ती वहीत उतरवून घ्यावी. किल्ली नसेल तर कोणताही मेकॅनिक त्या डिस्कमधल्या फाइली काढू शकत नाही.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतेच सामान घेऊन चालते. तिथे डेस्कटॉप नीट दिसला तर मूळ विंडोज बहुधा धड आहे, आणि दोष मागाहून घातलेल्या एखाद्या प्रोग्रामचा किंवा ड्रायव्हरचा आहे. परत एकदा, आधी फाइली उचलाव्यात. मग नुकताच घातलेला प्रोग्राम काढावा. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावाच. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागातली अनावश्यक नावे बंद करावीत. 'सी' काठोकाठ भरला असेल तर जागा करावी. अपडेटनंतर बिघडले असेल तर त्याच निळ्या पडद्यावर अपडेट काढण्याची सोय आहे, आणि सिस्टम रिस्टोअरही. रिस्टोअरने आपल्या फाइली जात नाहीत, त्या तारखेनंतर घातलेले प्रोग्राम मात्र जातात.

एक प्रकार वेगळा, आणि घरच्यांना सर्वांत जास्त घाबरवणारा. डेस्कटॉप येतो, पण कोरा, जणू नवाच संगणक. विंडोजला आपले खाते उघडता आले नाही म्हणून त्याने तात्पुरते खाते दिलेले असते. जुन्या फाइली 'सी'मधल्या यूजर्स फोल्डरात आपल्या नावाखाली बहुधा तशाच असतात. एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहावे. पण त्या कोऱ्या डेस्कटॉपवर नवीन काही ठेवू नये. साइन आउट होताच ते पुसले जाते.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातले काहीही करू नये. संगणक बंद करून थेट जाणकाराकडे न्यावा. दर वेळी चालू केल्याने ती आणखी खराब होते.

मेकॅनिककडे जाताना "चालू करून द्या" असे मोघम सांगू नये. "आधी यूजर्स फोल्डर आमच्या डिस्कवर कॉपी करा, मग विंडोजला हात लावा," असे सांगावे, आणि रिकामी डिस्क सोबत न्यावी. विंडोज सुरूच होत नसले तरी उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून संगणक चालवून फाइली काढता येतात. 'रीसेट'मध्ये फाइली राखण्याचा पर्याय असतो, पण प्रोग्राम त्यातही जातात. आमच्यासारख्या उर्दू लिहिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. इनपेजच्या फाइली राहिल्या आणि इनपेजच गेले, तर त्या उघडणार कशात? त्याचे सेटअप आणि नस्तालीक फाँट त्याच डिस्कवर वेगळे ठेवून द्यावेत.