दुष्काळ ठरतो हिवाळ्यात

राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २४ तालुक्यांत गंभीर, १६ तालुक्यांत मध्यम. त्यात लातूर जिल्ह्यातला एकटा रेणापूर तालुका होता आणि नांदेडचा एकही नव्हता. ओरड झाल्यावर १० नोव्हेंबरला आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य झाली. तेव्हापासून दोन्ही जिल्ह्यांत यादीचीच चर्चा होती. कोण बसले, कोण राहिले हा प्रश्न शेतकऱ्याच्या हक्काचा आहे आणि तो लढवलाच पाहिजे. पण यादीच्या वादात त्याहून मोठा निर्णय मागे पडतो. जूनपर्यंतच्या सात महिन्यांत शिल्लक पाणी कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायचे, हे तेव्हाच ठरले पाहिजे. मराठवाड्यात दुष्काळ दिसतो उन्हाळ्यात, ठरतो मात्र हिवाळ्यात.

२०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नेमके तेव्हाच सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत होते. पावसाच्या खंडातून जे वाचले, त्यावर सप्टेंबरमध्ये पिवळा मोझॅक रोग पडला. नांदेडची व्यथा आणखी वेगळी. तेथे जुलैअखेर अतिवृष्टीने शेते खरवडली आणि पाठोपाठ खंड पडला. हंगामाच्या सरासरीत जुलैचा पूर आणि ऑगस्टचा कोरडेपणा एकमेकांना झाकतात आणि कागदावर पाऊस पुरेसा दिसतो. शेतकऱ्याच्या पदरात मात्र दोन्ही नुकसाने पडतात. म्हणून १५ डिसेंबरला लागणारी अंतिम पैसेवारी गावोगावच्या प्रत्यक्ष पीककापणीवर उभी राहिली पाहिजे. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा उतरवून घेतला, मग अग्रिम भरपाईसाठी शेतकऱ्याला खेटे घालायला लावू नयेत.

आता पाण्याकडे येऊ. लातूरकरांना २०१५-१६ आठवत नाही असे होणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले, मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. त्या गाडीचे कौतुक देशभर झाले. पण धरणात पाणी येणार नाही, हे त्याआधीच्या ऑक्टोबरमध्येच कळले होते. मधले सहा महिने पाणी जपण्याचे होते. रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली, ती त्या महिन्यांत जे झाले नाही त्यामुळे.

ती चूक टाळता येते. मांजरा आणि निम्न तेरणा या धरणांतला पिण्याचा साठा आधी राखून ठेवावा आणि उरलेल्यातूनच कालवा सल्लागार समितीने आवर्तने ठरवावीत. साठा राखणे म्हणजे नुसता ठराव करणे नव्हे. जलाशयाच्या काठावरचे बेकायदा पंप काढले जातात की नाही, यावर तो साठा टिकतो. दुसरा प्रश्न उसाचा. हिवाळ्यात गाळप सुरू झालेले असते. उभा ऊस तुटेल, त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत. पण पूर्वहंगामी आणि सुरू उसाची नवी लागण याच थंडीत होते आणि एकदा लावलेला ऊस वर्षभर पाणी मागतो. त्यामुळे कारखान्यांनी अशा वर्षी ठिबकावरच्या उसाचीच नोंद घ्यावी आणि सरकारने तसा आदेश काढावा. सहकाराने लातूर उभे केले. आज पाण्यासाठी पुढाकार घेण्याची जबाबदारीही सहकारावरच येते.

धरणाच्या पाण्याचा हिशेब निदान दिसतो, जमिनीतल्या पाण्याचा दिसत नाही. इथला काळा पाषाण फार पाणी धरून ठेवत नाही. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला भूजल कायद्याची मनाई आहे, तरी विंधनविहिरी त्याच्या कितीतरी खाली जातात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. त्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवल्या, तर किती हेक्टर हरभरा पाण्यावर निघेल, हे गावालाच ठरवता येईल.

नांदेडला गोदावरी आहे, म्हणून निर्धास्त राहता येणार नाही. शहराची तहान विष्णुपुरी धरणावर आहे आणि त्याच जलाशयावर शेतीच्या पंपांचाही डोळा असतो. खाली धर्माबादजवळ २.७४ टीएमसीचा बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पुराचे पाणी वाहून जाते आणि दरवाजे खाली येतात तेव्हा नदीला धार उरलेली नसते. पाऊस लवकर सरलेल्या २०२३ सारख्या वर्षी हे जास्तच जाणवते. बंधाऱ्याखालच्या तेलंगणाशी बोलून अशा वर्षांपुरती सवलत मिळवणे हे राज्याचे काम आहे. गोदावरीच्याच वरच्या अंगाच्या धरणांतून जायकवाडी धरणात साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबर २०२३ अखेर निघाला, पण पाणी सुटायला विलंब झाला. प्रत्येक दिवसाच्या विलंबाने नदीच्या कोरड्या पात्रात जिरणारे पाणी वाढते.

त्या वर्षी हिवाळ्याकडूनही फार आशा धरता येत नव्हती. एल निनो सक्रिय होता आणि तो हिवाळाभर टिकण्याची चिन्हे होती. थंडी कमी पडली तर गव्हाला फटका बसतो आणि जमिनीतली ओल लवकर उडते. अशा वेळी ज्वारीला मान मिळाला पाहिजे. ती ओलीवर येते, माणसाला भाकर आणि जनावराला कडबा देते. ज्वारीचा पेरा घटत गेला तसा चाराही घटला. चारा बियाणे हिवाळ्यातच वाटले, तर मार्चमध्ये चारा छावण्यांची मागणी कमी होईल.

मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोटच्या गावांतून नोव्हेंबरात ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे त्याच महिन्यात सुरू व्हायला हवीत. जे जाणार नाहीत त्यांना रोजगार हमीवर काम हवे. १९७२ च्या दुष्काळातून ही योजना महाराष्ट्राने देशाला दिली. तिच्यातूनच तलावांचा गाळ, पाझर तलावांची दुरुस्ती आणि बांधबंदिस्ती पावसाआधी पुरी होऊ शकते.

टंचाई आराखड्याचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. दरवर्षी सारे लक्ष तिसऱ्या टप्प्याकडे, म्हणजे टँकरकडे लागते. अशा वर्षी पालकमंत्री आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी पहिल्या दोन टप्प्यांचा पैसा वेळीच खर्चावा आणि प्रत्येक धरणातला राखीव साठा दर पंधरवड्याला लोकांसमोर जाहीर करावा. लोकांना आकडा कळला, तर ते पाणी जपतील आणि जे जपत नाहीत त्यांना जाबही विचारतील.